ऐकून घेणारा विनोदकार

शिकागो नगरीतून निघून मिशिगन सरोवराच्या पश्चिम तीराने उत्तरेकडे जाणारा जो लोहमार्ग आहे, त्यावरून शरदाच्या दिवसांत प्रवास करणाऱ्याला एव्हॅन्स्टन, विनेट्का, हायलंड पार्क, लेक फॉरेस्ट ही संपन्न उपनगरे एकामागून एक दृष्टीस पडतात. मेपल वृक्षांची ताम्रवर्ण पाने घरांच्या उतरत्या छपरांवर आणि हिरवळीवर विखुरलेली असतात, आणि सरोवर अगदी निकट असूनही घरांच्या व वृक्षांच्या आड बराच काळ अदृश्यच राहते. पुढे देखावा पालटतो. ग्रेट लेक्स येथील नौदलाच्या विस्तीर्ण प्रशिक्षण-केंद्राचे स्थानक येते, त्यामागून कारखान्यांची आवारे आणि रुळांची गुंतागुंत दिसू लागते, आणि सुमारे ६० किलोमीटरांचे अंतर काटून गाडी वॉकीगन नावाच्या गावी पोचते, तेव्हा उजव्या हाताला ते अफाट गोडे पाणी एकदम उघडे पडते. ज्याला पर्यटनस्थळ म्हणतात असे हे गाव नव्हे. मी तेथे उतरलो तो केवळ एका मनुष्याच्या ओढीने, आणि तो मनुष्य म्हणजे जॅक बेनी, ज्याने १९३२ पासून १९५५ पर्यंत नभोवाणीवर आणि १९५० पासून १९६५ पर्यंत दूरचित्रवाणीवर अमेरिकेतील घराघराला हसविले.

मराठी मनुष्याला बेनीपर्यंत नेणारी एक वाट आपल्याच रंगभूमीवरून जाते. आचार्य अत्रे यांनी ‘मोरूची मावशी’ या नावाने ज्या इंग्रजी प्रहसनाला मराठी वेष चढविला आणि ज्यातील मावशीने पुढे विजय चव्हाण यांच्या रूपाने प्रेक्षकांच्या पिढ्या वेडावून सोडल्या, ते मूळ नाटक म्हणजे ब्रँडन टॉमस याचे ‘चार्लीज आंट’. त्याच नाटकावरून हॉलिवुडने १९४१ मध्ये जो चित्रपट काढला, त्यात लुगड्याऐवजी काळा झगा परिधान करणारा नायक बेनी होता. त्या चित्रपटापासून मी त्याच्या नभोवाणीच्या ध्वनिमुद्रणांकडे वळलो, आणि ती ऐकताना एक गोष्ट प्रथम आश्चर्याची व पुढे चिंतनाची वाटू लागली: ज्याच्या नावाने कार्यक्रम चालत असे, त्याच्या वाट्याला हशा पिकविणारी वाक्ये फार थोडी येत असत. इतर बोलत, तो ऐकून घेई. आणि श्रोते हसत ते त्याच्या ऐकण्याला. अशी कला एखाद्या मनुष्याच्या ठायी कशी परिपक्व होते, हे त्याच्या गावांच्या आणि रंगमंदिरांच्या सान्निध्यात जाऊन समजून घ्यावे, अशी इच्छा माझ्या मनात दृढ झाली होती.

वॉकीगनचे स्थानक सरोवराच्या पातळीशी आहे आणि गावाचा मध्यभाग वर, एका उंच कड्यावर. त्यामुळे गाडीतून उतरलेल्या मनुष्याला चढण चढूनच गावात प्रवेश करावा लागतो. वर पोचून मागे वळून पाहिले म्हणजे बंदराचा सारा विस्तार नजरेत भरतो. एके काळी या किनाऱ्यावर नौकांची यंत्रे तयार करणारा प्रचंड कारखाना होता आणि त्याच्या जिवावर सहस्रावधी कुटुंबे नांदत होती; तो कारखाना गेला, मागे दूषित झालेल्या बंदराच्या शुद्धीकरणाचे दीर्घकाळ चाललेले काम तेवढे राहिले. गावाचे मूळ नाव ‘लिटल फोर्ट’, म्हणजे लहानसा किल्ला. १८४९ मध्ये ते टाकून येथील आदिवासींच्या भाषेतील वॉकीगन हे नाव घेण्यात आले. रे ब्रॅडबरी हा विख्यात कथाकार १९२० मध्ये येथेच जन्मला, आणि गावाला चिरत जाणाऱ्या ज्या गर्द घळी त्याच्या लेखनात पुनःपुन्हा येतात, त्या आजही रस्त्यांच्या खालून अंधाऱ्या दाटीने वाहत गेलेल्या दिसतात. जेनेसी रस्त्याने चालताना दुकानांच्या पाट्यांवर इंग्रजीच्या बरोबरीने स्पॅनिश भाषा दिसते, पावाच्या भट्ट्यांतून मेक्सिकोच्या गोड पावांचा वास येतो, आणि परक्या भूमीत बिऱ्हाड थाटणाऱ्या माणसांची जी एक अबोल धडपड असते ती या रस्त्यावर सर्वत्र जाणवते. एका शतकापूर्वी हीच धडपड येथे निराळ्या भाषेत चालली होती.

तेव्हा रशियन साम्राज्याच्या ताब्यात असलेल्या पोलंडमधून मायर कुबेल्स्की नावाचा ज्यू तरुण अमेरिकेत आला आणि वॉकीगनला त्याने आरंभी मद्याचे दुकान व पुढे कपड्यांचे दुकान चालविले. त्याची पत्नी एमा लिथुएनियाकडची. प्रसूतीसाठी ती शिकागोला गेली, आणि तेथे १४ फेब्रुवारी १८९४ रोजी या दांपत्याला जो पुत्र झाला त्याचे नाव बेंजामिन. मुलगा सहा वर्षांचा होताच पित्याने त्याच्या हाती व्हायोलिन दिले. पूर्व युरोपातून आलेल्या ज्यू कुटुंबांत त्या काळी व्हायोलिन म्हणजे केवळ वाद्य नव्हते. दारिद्र्यातून आणि अप्रतिष्ठेतून बाहेर पडण्याचा तो एक राजमार्ग मानला जात होता, आणि प्रत्येक बाप आपल्या मुलात एक जगद्विख्यात वादक पाहत होता. बेंजामिनच्या बोटांत गुण होता, परंतु सरावाचा त्याला कंटाळा. शाळेच्या अभ्यासाचा त्याहून अधिक. गावच्या माध्यमिक शाळेने अखेर त्याचे नाव पटावरून कमी केले, आणि हा मुलगा बॅरिसन नाट्यगृहाच्या वादकांत बसून फिरत्या नटमंडळींच्या खेळांना साथ करू लागला. १९११ मध्ये मार्क्स बंधूंची मंडळी तेथे आली असता त्यांच्या आईने हा चुणचुणीत वादक हेरला आणि आपल्याबरोबर फिरतीवर येण्यास सांगितले. पण मुलगा १७ वर्षांचा, आणि आईबापांची अनुज्ञा मिळाली नाही. पुढल्याच वर्षी मात्र कोरा सॅलिस्बरी या पियानोवादक बाईंच्या जोडीने तो घराबाहेर पडला.

त्या नाट्यगृहाच्या खड्ड्यात बसलेल्या मुलाची कल्पना मी जेनेसी रस्त्यावर उभा राहून पुष्कळ वेळ करीत होतो. रंगमंचाच्या पुढे, पायरीखाली, वादकांसाठी जी जागा असते तेथून नट दिसतात ते खालून, आणि प्रेक्षक पाठीशी असल्यामुळे दिसत नाहीत, केवळ ऐकू येतात. कोणत्या वाक्याला हशा येतो, तो किती वेळ टिकतो, नटाने घाई केली तर कसा चिरडला जातो आणि धीर धरला तर कसा दुणावतो, याचे शिक्षण त्या जागेवर कानांना रात्रंदिवस मिळत असले पाहिजे. बेनी पुढे ज्या कालमापनासाठी प्रसिद्ध झाला, आणि ज्याचा अभ्यास आजचे विनोदकारही श्रद्धेने करतात, त्याची पहिली पाठशाळा हीच, असे माझे मत झाले आहे.

गावाने आपल्या पुत्राची आठवण आस्थेने जतन केली आहे. मध्यभागी त्याचा ब्राँझचा पुतळा २००२ मध्ये बसविण्यात आला. जवळच जेनेसी नाट्यगृह उभे आहे, १९२७ च्या नाताळात उघडलेले, मधल्या काळात विपन्नावस्थेत गेलेले आणि २००४ मध्ये जीर्णोद्धार होऊन पुन्हा लोकांच्या सेवेस रुजू झालेले. १९३९ मध्ये बेनीच्या ‘मॅन अबाउट टाउन’ या चित्रपटाचा पहिला खेळ याच नाट्यगृहात झाला, कारण आपल्या चित्रपटाचा आरंभ आपल्या गावी व्हावा ही त्याची हौस होती. त्याचा विवाहही १९२७ मध्ये याच गावी झाला. वधू सेडी मार्क्स, जी पुढे मेरी लिव्हिंग्स्टन या नावाने त्याच्या कार्यक्रमातील एक तिखट जिभेचे पात्र झाली. परंतु मला सर्वांत अर्थपूर्ण वाटली ती गावातील शाळा. ज्या गावच्या शाळेने त्याला घरी पाठविले, त्याच गावाने १९६१ मध्ये एका नव्या शाळेला त्याचे नाव दिले. बेनी नभोवाणीवर आयुष्यभर आपले वय ३९ सांगत असे, म्हणून त्या शाळेच्या खेळाडूंनी स्वतःला एकोणचाळीसवाले म्हणवून घेतले. जगाने दिलेल्या साऱ्या बहुमानांत या शाळेचे मोल बेनी फार वरचे मानीत असे, आणि त्यात नवल नाही. ज्याला अक्षरांच्या दारातून परत फिरावे लागले, त्याच्या नावाची अक्षरे त्या दारावर कोरली गेली.

परतीच्या वाटेवर ग्रेट लेक्सच्या स्थानकावर गाडी थांबते. पहिल्या महायुद्धाच्या वेळी बेनी नौदलात दाखल झाला तो येथेच. तोपर्यंत त्याची ओळख व्हायोलिनवादक हीच होती, आणि तिलाही नावाचे विघ्न जडले होते: यान कुबेलिक या थोर वादकाने कुबेल्स्की या नावातील साम्याला हरकत घेतली म्हणून तो बेन बेनी झाला होता, आणि युद्धानंतर बेन बर्नी या दुसऱ्या कलावंताच्या तक्रारीवरून त्याला जॅक हे नाव घ्यावे लागले. या छावणीतील एका प्रयोगाची हकिकत तो स्वतः सांगत असे. खलाशांपुढे तो एक भावपूर्ण गीत वाजवीत असता प्रेक्षकांतून निषेधाचे आवाज उठू लागले. तेव्हा पॅट ओब्रायन, जो पुढे प्रसिद्ध चित्रपटनट झाला, त्याने रंगमंचावर येऊन कानात सांगितले की ते वाद्य खाली ठेव आणि यांच्याशी बोल. बेनीने व्हायोलिन खाली ठेवले, एक-दोन साधी वाक्ये उच्चारली, आणि सभागृह हसू लागले. बापाचे स्वप्न आणि मुलाचे भाग्य यांचा वियोग ज्या ठिकाणी झाला ते हे ठिकाण. परंतु त्याने व्हायोलिन खाली ठेवले, टाकले नाही. ते पुढची पन्नासहून अधिक वर्षे त्याच्या हाती राहिले, आणि त्याचा शेवट कसा झाला हे मला न्यूयॉर्कला गेल्यावर अधिक उमगले.

२ मे १९३२ रोजी बेनीचा स्वतःचा नभोवाणी-कार्यक्रम सुरू झाला. महामंदीने पोळलेला तो देश. नाट्यगृहाचे तिकीट अनेकांना न परवडणारे, परंतु घरातील रेडिओ फुकट बोलत असे. थोड्याच वर्षांत रविवारचे सायंकाळचे सात म्हणजे बेनीचा समय असे समीकरण रूढ झाले, आणि १९४१ मध्ये एनबीसी या नभोवाणी-कंपनीने ती वेळ, जाहिरातदार कोणीही असो, एखाद्या इनाम जमिनीसारखी त्याच्या नावे करून दिली. या कार्यक्रमात बेनीने ‘जॅक बेनी’ नावाचे एक पात्र निर्माण केले. हे पात्र कमालीचे कंजूष, वयाच्या बाबतीत खोटे बोलणारे, आपल्या निळ्या डोळ्यांवर आणि आपल्या बेसूर व्हायोलिनवर प्रेम करणारे. घराखाली तळघरात त्याची तिजोरी, साखळ्या आणि कड्याकुलपे यांच्या बंदोबस्तात, आणि तिच्यावर असा एक पहारेकरी की ज्याला बाहेरच्या जगाचे वर्तमान वर्षानुवर्षे कळलेले नाही. त्याची मॅक्सवेल मोटार इतकी जुनी, की तिच्या खोकण्या-कण्हण्याचे आवाज मेल ब्लँक हा नट स्वतःच्या कंठातून काढीत असे. कंजूषपणा हा जगातल्या प्रत्येक मनुष्याला शेजाऱ्यात दिसतो आणि स्वतःत दिसत नाही. बेनीने तो सर्वांच्या वतीने स्वतःच्या अंगी लावून घेतला.

आणि मग त्याने आपल्या भोवती असलेल्या प्रत्येकाला त्या पात्रावर हसण्याचा अधिकार दिला. निवेदक डॉन विल्सन, वाद्यवृंदाचा प्रमुख फिल हॅरिस, भोळ्या स्वराचा गायक डेनिस डे, पत्नी मेरी, दुकानातला विक्रेता, स्थानकावरचा ध्वनिक्षेपक, प्रत्येकजण त्याला टोमणा मारून जाई. ज्या स्थानकाच्या घोषणेत ॲनाहाइम, अझूसा आणि कुकामोंगा ही गावे नेमाने येत, त्यांतील कुकामोंगाने तर पुढे कृतज्ञतेने बेनीचा पुतळा उभारला. त्याचा मित्र फ्रेड ॲलन याने स्वतःच्या कार्यक्रमातून त्याच्या व्हायोलिनची चेष्टा केली, आणि १९३६ च्या अखेरीस सुरू झालेले ते लुटुपुटीचे वैर दोघांनी वर्षानुवर्षे इतक्या प्रेमाने जोपासले की सारा देश त्यात सामील झाला. हशा कोणाच्या वाक्याला आला याची फिकीर बेनीला नव्हती. लोक हसले ते आपल्या कार्यक्रमात, इतके त्याला पुरत असे. लेखकांच्या बाबतीतही त्याची हीच नीती. सॅम पेरिन, मिल्ट जोसेफ्सबर्ग, जॉर्ज बाल्झर आणि जॉन टॅकाबेरी हे १९४३ पासूनचे त्याचे लेखक. त्यांना त्याने वर्षानुवर्षे आपल्याजवळ राखले, आणि यशाचे श्रेय त्यांना उघडपणे दिले. नाट्यशास्त्रात भरतमुनींनी हास्याचे आत्मस्थ आणि परस्थ असे दोन प्रकार सांगितले आहेत: एकात मनुष्य स्वतः हसतो, दुसऱ्यात तो दुसऱ्याला हसवितो. बेनीने दुसऱ्याला हसविण्यासाठी स्वतः हसण्याचा मोह आयुष्यभर आवरला.

या ऐकण्याचे परमोच्च उदाहरण म्हणजे २८ मार्च १९४८ चा कार्यक्रम. रात्री रस्त्याने जात असता बेनीला एक लुटारू अडवितो आणि पैसे की प्राण, असा सवाल टाकतो. त्यावर बेनी काहीच बोलत नाही. नभोवाणीत शांतता हे सर्वांत मोठे भय. शब्द थांबला की यंत्र बिघडले असे श्रोत्याला वाटावे. तरीही तो थांबतो, आणि त्या शून्यात घरोघर बसलेल्या श्रोत्यांच्या मनात त्या कंजूष मनुष्याचे सारे चारित्र्य, ती तिजोरी, ती मोटार, वर्षानुवर्षांचे सारे प्रसंग एकदम जागे होतात आणि हास्याचा लोंढा फुटतो. लुटारू चिडून पुन्हा विचारतो, तेव्हा बेनी त्राग्याने सांगतो की मी विचार करतो आहे. या विनोदाची जन्मकथा जोसेफ्सबर्गने सांगून ठेवली आहे: लुटारूच्या प्रश्नाला उत्तर सुचेना म्हणून दोघे लेखक अडून बसले होते, एक गप्प, दुसरा उतावीळ, उतावीळ लेखकाने काही तरी बोल असा तगादा लावताच पहिला त्रासून म्हणाला की मी विचार करतो आहे, आणि दोघांच्या लक्षात आले की हवे ते उत्तर हेच. ते ध्वनिमुद्रण मी अनेकदा ऐकले आहे, आणि दर वेळी मला असेच जाणवते की तो विनोद बेनी सांगत नाही. सोळा वर्षांच्या सहवासाने त्याने श्रोत्यांना इतके समर्थ केले आहे की तो विनोद श्रोतेच रचतात, आणि तो केवळ त्यांना अवधी देतो.

त्याच्या ऐकण्याला एक सामाजिक बाजूही होती, आणि तिचा विचार केल्यावाचून त्याचे चरित्र पुरे होत नाही. १९३७ मध्ये आगगाडीतील एका कृष्णवर्णीय हमालाच्या लहानशा भूमिकेसाठी एडी अँडरसन या नटाला बोलावण्यात आले. त्याचा घोगरा, खडबडीत आणि निर्भय आवाज श्रोत्यांना इतका आवडला की लवकरच तो रॉचेस्टर या नावाने बेनीचा सेवक म्हणून कार्यक्रमात कायम झाला, आणि त्या देशातील अत्यंत लोकप्रिय नटांत त्याची गणना होऊ लागली. आरंभीच्या संहितांत कृष्णवर्णीयांविषयीचे रूढ, हीन ठसे होते यात शंका नाही, आणि ती ध्वनिमुद्रणे आज ऐकताना मनाला वेदना होते. दुसऱ्या महायुद्धाने मानवजातीला वंशद्वेषाचे जे भीषण फळ दाखविले, त्यानंतर बेनीने आपल्या लेखकांकडून ते ठसे गाळून टाकविले. रॉचेस्टर सेवकच राहिला, ही त्या काळाची मर्यादा. परंतु ज्या देशाच्या अर्ध्या भागात कृष्णवर्णीयाला गोऱ्याच्या शेजारी बसून जेवता येत नव्हते, त्या देशात दर आठवड्याला एक कृष्णवर्णीय आपल्या गोऱ्या धन्याची फजिती करतो, शहाणपणाचा शब्द त्याचा ठरतो, आणि धनी तो निमूटपणे ऐकून घेतो, हे दृश्य कोट्यवधी लोकांच्या कानी पडत होते. कायद्याने जे बदलावयाचे ते पुढे कायद्याने बदलले. पण कानांची सवय बदलण्याचे काम अशाच वाटांनी होत असते, असा माझा दृढ विश्वास आहे.

वॉकीगननंतर मी न्यूयॉर्कला गेलो तो कार्नेगी हॉल पाहण्यासाठी. सातवा ॲव्हेन्यू आणि सत्तावन्नावा रस्ता यांच्या संगमावर उभी असलेली ही विटांची भव्य वास्तू १८९१ मध्ये उघडली. १९६० मध्ये ती पाडण्याचा घाट घातला गेला असता व्हायोलिनवादक आयझॅक स्टर्न याच्या नेतृत्वाखाली नागरिकांनी ती वाचविली आणि नगरपालिकेने विकत घेतली. याच वास्तूत १९५६ मध्ये बेनीने न्यूयॉर्क फिलहार्मोनिक वाद्यवृंदाच्या साथीने धर्मादाय प्रयोग केला, आणि त्यानंतर आयुष्याच्या अखेरपर्यंत तो अमेरिकेच्या गावोगावी जाऊन, अडचणीत आलेल्या वाद्यवृंदांसाठी असेच प्रयोग करीत राहिला. लोक मोठ्या किमतीची तिकिटे काढून बेनीचे बेसूर वादन ऐकण्यास येत. तो पूर्ण पोशाखात, गंभीर मुद्रेने एखादी कठीण रचना आरंभी, वृंदातील मुख्य व्हायोलिनवादक त्याच्याहून कितीतरी सरस तीच तान वाजवून दाखवी, आणि बेनी गालावर हात ठेवून प्रेक्षकांकडे टक लावून पाही. या प्रयोगांतून लक्षावधी डॉलर उभे राहिले आणि एकही पैसा त्याने स्वतःसाठी घेतला नाही. नभोवाणीवर ज्याची तिजोरी कधी उघडत नसे, त्याने आपल्या बेसूरपणाचे दान करून सुरांचे रक्षण केले. आणि या प्रयोगांसाठी, साठी ओलांडलेला हा मनुष्य, बालपणी ज्या सरावाचा कंटाळा करी तो सराव रोज निष्ठेने करू लागला होता. कार्नेगी हॉलच्या वरच्या सज्जात बसून त्या रिक्त रंगमंचाकडे पाहताना मला वॉकीगनच्या त्या कापडदुकानदाराचे स्मरण झाले. मुलाने कार्नेगी हॉलमध्ये वाजवावे, ही त्या पिढीतील प्रत्येक ज्यू पित्याची आकांक्षा. ती पूर्ण झाली, मात्र पित्याने कधी कल्पिली नसेल अशा रीतीने.

पिता आणि पुत्र यांच्यातला आणखी एक प्रसंग मला लॉस एंजेलिसला पोचल्यावर आठवला. १९४२ मध्ये एर्न्स्ट लुबिच या दिग्दर्शकाने ‘टू बी ऑर नॉट टू बी’ हा चित्रपट काढला. वॉर्सा शहरातील एका नाटकमंडळीने नाझींना कसे चकविले, ही त्याची कथा, आणि बेनी त्यात एका आत्मप्रेमी नटाच्या भूमिकेत. त्याची सहनायिका कॅरोल लोंबार्ड हिचा चित्रपट प्रकाशित होण्यापूर्वीच, जानेवारीत, युद्धनिधीच्या दौऱ्यावरून परतताना विमान-अपघातात अंत झाला, आणि त्या रविवारी बेनीला बोलणे अशक्य होऊन त्याच्या वेळेत केवळ संगीत वाजविण्यात आले. चित्रपटाच्या आरंभीच बेनी नाझी गणवेषात दिसतो. ते पाहताच मायर कुबेल्स्की संतापाने नाट्यगृहातून उठून गेला आणि मुलाशी बोलेना, असे घरची मंडळी सांगत. मुलाने मोठ्या मिनतवारीने समजावले की तो गणवेष हिटलरशी लढण्यासाठीच चढविलेला आहे, तेव्हा वृद्ध पुन्हा गेला, शेवटपर्यंत बसला, आणि मग तोच चित्रपट वारंवार पाहत राहिला. ज्या पोलंडमधून तो तरुणपणी निघून आला होता, तेथे त्याच दिवसांत त्याच्या जातबांधवांचा संहार चालू होता. हे ध्यानी घेतले म्हणजे त्या हास्याच्या तळाशी कोणते दुःख होते याची कल्पना येते.

२६ डिसेंबर १९७४ रोजी, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, कर्करोगाने बेनीचे निधन झाले. लॉस एंजेलिस परिसरातील हिलसाइड स्मशानभूमीत काळ्या दगडाची त्याची समाधी आहे आणि तिच्यावर त्याचे वर्णन ‘सौम्य पुरुष’ असेही केले आहे. अंत्यविधीच्या वेळी त्याचा जिवलग मित्र जॉर्ज बर्न्स बोलावयास उभा राहिला, पण दुःखावेगाने त्याला बोलणे पुरे करता आले नाही; बॉब होप याने मृत्युलेख वाचला आणि त्यात म्हटले की हा मनुष्य अखेरपर्यंत कंजूषच राहिला, त्याने आम्हाला केवळ ऐंशी वर्षे दिली आणि ती पुरली नाहीत. मृत्युपत्रात मेरीला तिच्या हयातीपर्यंत रोज एक लाल गुलाब पोचविण्याची तजवीज होती, आणि १९८३ मध्ये तिचा अंत होईपर्यंत ती पाळली गेली. त्याचे मोलाचे स्ट्रॅडिव्हेरियस व्हायोलिन लॉस एंजेलिस फिलहार्मोनिक वाद्यवृंदाच्या स्वाधीन झाले, म्हणजे ते पुन्हा कुशल हातांत गेले. त्याचे दप्तर आता याच शहरातील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या ग्रंथालयात जतन केलेले आहे, आणि ज्यांना विनोदाचा शास्त्रशुद्ध अभ्यास करावयाचा त्यांना ते खुले आहे.

या प्रवासात मी जे पाहिले आणि जे ऐकले, त्यावरून माझा निर्णय असा झाला आहे की हास्याच्या व्यवसायात वाक्पटुत्वाचे महत्त्व आपण फार मानतो आणि श्रवणाचे फार थोडे. चुरचुरीत बोलणारे पुष्कळ होऊन गेले. त्यांची वाक्ये त्यांच्या काळाबरोबर शिळी झाली. बेनीचे मौन शिळे होत नाही, कारण त्यात जे भरावयाचे ते प्रत्येक पिढीचा श्रोता स्वतःजवळचे भरतो. सभेत, रंगभूमीवर, वर्तमानपत्रात अथवा घरच्या ओसरीवर ज्यांना चार माणसांपुढे बोलावे लागते, त्या आपणा सर्वांना हे शिकण्यासारखे आहे: आपले वाक्य संपल्यावर समोरच्याला विचार करण्यास अवधी द्यावा, त्याने आपल्यावर टीका केली तर ती पुरती ऐकून घ्यावी, आणि त्याला हसू आले तर त्या हसण्याचे श्रेय त्याच्याकडेच राहू द्यावे.